बारदान

पोतं तोलताना आधी बारदान वजा करायचं,
हे वडिलांनी शिकवलं, दाणाबंदरात,
मी बारा वर्षांचा असताना.
माल वेगळा, गोण वेगळी.
गोणीचे पैसे कुणी देत नाही.

वाशीच्या धान्यबाजारात एकतीस वर्षं मापाडी आहे.
काट्यावर चढायच्या आधी सांगतो पोतं किती भरेल,
पावशेराचा फरक पडला तर टोळीला चहा माझा.
म्हणून परवा नेरुळला, त्या गार खोलीत,
कोंडविलकर डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
काका, हृदयाभोवती चरबी आहे, जरा जास्तच,
तेव्हा तोंडातून पहिलं तेच गेलं:
किती भरेल?

जाडी मोजतो आम्ही, वजन नाही.
सात मिलिमीटर.

सात मिलिमीटर म्हणजे
गोणीचं तोंड शिवायची सुतळी तीनदा दुमडून.
मी सदरा वर केला. पोट आत.
बरगड्या मोजून घ्या म्हटलं,
लग्नातली विजार अजून बसते मला.
बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
बाहेरचा काटा इथे चालत नाही, काका.
थोडी सगळ्यांनाच असते, लागतेही;
थंडीत पांघरूण, अडीनडीला शिधा.
वाढली की मात्र शेजारधर्म सोडते.
रक्ताच्या नळ्या तिच्यातूनच जातात,
मध्ये भिंत नाही, साधा पडदासुद्धा नाही.
ती झिरपत राहते, सूज धाडत राहते,
आणि नळी आतून खरबरीत होत जाते.

मला शेंगदाण्याचं पोतं आठवलं.
पावसाळाभर भिंतीला टेकून राहिलं
की गोणीला तेल सुटतं.
खवट वास आधी गोणीला,
दाण्याला मागाहून.
बारदान कागदावर वजा होतं.
वास होत नाही.

घरी अनुसया म्हणाली, काळजाला चरबी?
तरीच. अठ्ठावीस वर्षांत एकदा पाघळला नाहीत.
मग गॅलरीत जाऊन बराच वेळ उभी राहिली,
वाळलेलेच कपडे पुन्हा चाचपत.
रात्री फरसाणाचा डबा वरच्या फळीवर गेला,
तिचाही हात पुरणार नाही तिथे.

वडील त्रेपन्नाव्या वर्षी गेले,
तुरीच्या थप्पीला टेकून बसल्या बसल्या,
चुन्याची डबी उघडी, मांडीवर.
स्मशानात जो तो म्हणत होता,
काटक माणूस, अंगावर तोळाभर चरबी नव्हती.
ऐकून मला, लेकाला, त्या दिवशीसुद्धा
मूठभर मांस चढलं.
कुठे चढलं, ते कोण सांगणार.

आता पहाटे कोपरखैरण्यात
होल्डिंग पॉन्डच्या कडेने चार फेऱ्या.
चालल्याने उतरते म्हणाल्या बाई,
पोटाच्या आधी तीच उतरते कधी कधी.
उतरली तरी मला कळणार कसं?
पाठीला कळतं ते ओझं माझ्या ओळखीचं,
हे पाठीच्या पलीकडचं.

आम्ही मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन.
बाईंनी यंत्राचा आवाज मोठा केला होता जरा वेळ.
लाभ, म्हणालं ते आतून. पुन्हा लाभ.
दोनवर यायची मी वाट पाहत होतो.
लाभ. लाभ. लाभ.
इतकी वर्षं पहिलंच माप भरतंय बिचारं,
आणि मी हिशेब पुढचा धरून बसलेला.

पैज हरलो, म्हणून दुसऱ्या दिवशी टोळीला चहा पाजला.
माझ्यात साखर नको म्हटलं,
पोरं एकमेकांकडे बघत राहिली.
मग गाडी लागली. गहू.
पाठ वाकवता वाकवता सुभान ओरडला,
काका, हे किती भरेल?

मी पोत्याकडे पाहिलं. गोण नवी होती,
शिवण घट्ट, कुठे डाग नाही.

म्हटलं, काट्यावर घे.